‘आपल्या वाट्याचे’ सोडणे : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती वैराग्याची मीमांसा

गोषवारा

देवाला धनाच्या आणि सांसारिक पाशांच्या आधी स्थान द्यावे, हा ख्रिस्ती आचारधर्माचा मूलभूत आग्रह आहे. मराठीत या आग्रहाचे सर्वांत कसोशीचे परीक्षण लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात झाले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यागाचे मोल कोण चुकवतो, हा प्रश्न या ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे. सुवार्तेतील वचने, वारकरी परंपरेतील वैराग्यकल्पना आणि पंडिता रमाबाईंचे कार्य यांच्या संदर्भात या प्रश्नाची येथे चर्चा केली आहे.

१. प्रास्ताविक

थळच्या किनाऱ्यावरून अलिबाग ओलांडून दक्षिणेस रेवदंड्यापर्यंत गेले की पोर्तुगीजकालीन चौलच्या तटबंदीच्या आत, नारळी-पोफळीच्या बागांमध्ये, चर्च आणि मठ यांचे भग्नावशेष आढळतात. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांनी येथे वास्तू उभारल्या होत्या. सागरी व्यापारातून आलेली संपत्ती आणि राजसत्तेचा आश्रय हा त्यांचा पाया होता. 1740 च्या तहान्वये चौल मराठ्यांकडे आले. सत्ता गेली, व्यापार गेला, आणि छपरे ढासळली. कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई गावात मात्र एक लहानशी ख्रिस्ती वस्ती मागे राहिली. ती आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून घडलेली, ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ या नावाने ओळखली जाणारी बोली बोलते आणि आपल्या चर्चमध्ये उपासना करते. धनावर उभा असलेला धर्म आणि धन गेल्यावरही राहिलेली श्रद्धा ही दोन्ही दृश्ये एकाच खाडीच्या दोन तीरांवर आहेत.

समाजाच्या पातळीवर इतिहासाने केलेली ही निवड व्यक्तीच्या पातळीवर कशी होते? एखादा मनुष्य देवाला धनाच्या आधी स्थान देतो, तेव्हा त्याच्या घरात नेमके काय घडते? या प्रश्नाचे उत्तर अवशेष देऊ शकत नाहीत. ते साहित्यात शोधावे लागते. मराठी ख्रिस्ती साहित्यात बाबा पदमनजींपासून आत्मनिवेदनाची समृद्ध परंपरा आहे. तथापि या परंपरेतील बहुतेक लेखन धर्मांतर करणाऱ्याच्या दृष्टीने झालेले आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा त्यातील ठळक अपवाद होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नीने लिहिलेला हा ग्रंथ 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाला. त्यातील प्रसन्न विनोद, पारदर्शक निवेदन आणि आत्मकरुणेचा अभाव यांची प्रशंसा वारंवार झाली आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु विनोदाच्या या प्रशंसेमुळे ग्रंथातील नैतिक युक्तिवादाकडे काहीसे दुर्लक्ष झाले. ई. जोसेफीन इंकस्टर यांच्या 1950 च्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक लेखिकेला ‘मागोमाग जाणारी’ ठरवते, तर शांता गोखले यांच्या 2017 च्या अनुवादाचे उपशीर्षक तिला ‘तेजस्वी पत्नी’ म्हणते. अनुगामिनी आणि पत्नी या दोन भूमिकांखेरीज परीक्षक ही तिसरी भूमिकाही लक्ष्मीबाईंकडे आहे. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या भूमिकेविषयी आहे.

२. सुवार्तेतील दोन आग्रह

धन आणि देव या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, ही मत्तयाच्या सुवार्तेतील डोंगरावरील प्रवचनाची सुप्रसिद्ध शिकवण आहे. मार्कच्या सुवार्तेतील श्रीमंत मनुष्याला येशू आपले सर्व विकून गरिबांना देण्यास सांगतो, आणि तो मनुष्य खिन्न होऊन निघून जातो. लूकच्या सुवार्तेत तर शिष्य होऊ पाहणाऱ्याने आईबाप, पत्नी, मुले आणि स्वतःचा जीव यांनाही दुय्यम मानावे, असा अत्यंत कठोर शब्दांतला आग्रह आहे. ‘देव प्रथम’ या तत्त्वाची ही एक बाजू झाली.

दुसरी बाजू त्याच सुवार्तांत आहे आणि ती क्वचितच उद्धृत होते. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ‘कुर्बान’ या प्रथेवर कोरडे ओढतो. आईबापांच्या पोषणासाठी जे द्यावयाचे, ते देवाला अर्पण केले आहे असे जाहीर करून मुलगा मोकळा होत असे, आणि शास्त्री त्याला संमती देत असत. देवाच्या नावावर दुसऱ्याच्या हक्काचे काढून घेणे, हा येशूच्या दृष्टीने देवाच्या आज्ञेचाच भंग आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला श्रद्धा नाकारणारा ठरवले आहे.

तेव्हा सुवार्तेतील आग्रह दुहेरी आहे. देवापुढे कोणतीही वस्तू वा नाते अंतिम मानू नये, हा एक. आणि देवाला अर्पण करावयाचे ते आपले असावे, आपल्यावर अवलंबून असलेल्याचे नसावे, हा दुसरा. पहिला आग्रह संन्याशाला जवळचा वाटतो, तर दुसरा संन्याशाच्या घरातील माणसांना. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ या दुसऱ्या आग्रहाच्या बाजूने बोलतो. मात्र तो पहिल्या आग्रहाला कोठेही खोटा ठरवत नाही. त्याचे मोठेपण यातच आहे.

३. वैराग्याचा देशी वारसा

टिळकांना (1861–1919) ख्रिस्ताकडे नेणारा रस्ता मराठी संतांच्या प्रदेशातूनच गेला. तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. ‘अभंगांजली’तील रचनांचा छंद, त्यांतील आर्तता आणि संबोधने पाहता ही धारणा केवळ अलंकारिक नव्हती, हे उघड आहे. त्यामुळे धनत्यागाची ख्रिस्ती कल्पना त्यांच्या मनात वारकरी वैराग्याच्या भाषेतच रुजली.

येथे तुकोबांविषयीची एक परंपरागत कथा लक्षात घेण्यासारखी आहे. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, एवढे सर्वांना ठाऊक असते. कथेचा उरलेला भाग तितका आठवला जात नाही. खते बुडवण्याआधी त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्याशी वाटणी केली. निम्मी खते त्याला दिली आणि केवळ आपल्या वाट्याची बुडवली. परंपरेने हा तपशील जपला, यात तिची नैतिक सूक्ष्मता दिसते. भावाच्या वाट्यावर आपले वैराग्य उभे करण्याचा अधिकार संतालाही नाही. मात्र याच परंपरेत आवलीच्या, म्हणजे तुकोबांच्या पत्नीच्या, वाट्याचा हिशेब कोणी मांडला नाही. ती कर्कशा ठरली आणि तिच्या तक्रारीचा उपयोग संताच्या शांतीला उठाव देण्यासाठी झाला. स्वतःची बाजू लिहिण्याची संधी आवलीला मिळाली नाही. लक्ष्मीबाईंना ती मिळाली, आणि ती त्यांनी तक्रारीच्या सुराचा आश्रय न घेता वापरली.

४. देणाऱ्याचे घर

‘स्मृतिचित्रे’तील टिळकांचे औदार्य धर्मांतरानंतर आलेले नाही. ख्रिस्ताची ओळख होण्यापूर्वीही त्यांच्या हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच, असा भरवसा नसे. नोकरी धरणे आणि सोडणे, न सांगता निघून जाणे, समोर दिसलेल्या गरजवंताला खिसा रिकामा करून देणे हे त्यांच्या स्वभावाचेच घटक होते. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. पण या सांगण्यातून एक महत्त्वाचे विधान सिद्ध होते. धनाविषयीची बेफिकिरी आणि देवावरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेफिकिरी स्वभावातून येते आणि तिला देवाची आवश्यकता नसते. चरित्रकाराला टिळकांच्या औदार्यात भावी ख्रिस्तभक्ताची पूर्वचिन्हे दिसू शकतात. घरात तेल-मीठ कोठून आणावे, या विवंचनेत असलेल्या पत्नीला तसा अर्थ लावण्याची सवड नव्हती, आणि म्हणूनच तिची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचताच त्यांना त्या ग्रंथाने बांधून घेतले. म्हणजे, दोन धन्यांचे वचन ज्या प्रवचनात आहे, तेच त्यांच्या धर्मांतराचे द्वार ठरले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे मागाहून कळले. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी बव्हंशी विभक्त राहिली. पदरी लहानगा दत्तू, नातेवाइकांचा आश्रय, काही काळ पंढरपुरातील वास्तव्य, पती जिवंत असून नसल्यासारखा अशी ही वर्षे होती.

लूकच्या सुवार्तेतील कठोर वचनाचे हे अक्षरशः आचरण होते, असे म्हणता येईल. टिळकांनी त्या वेळी सोडले तेही कमी नव्हते. जात, गोतावळा, विद्वान ब्राह्मण म्हणून मिळणारी प्रतिष्ठा हे सर्व त्यांनी पणाला लावले. परंतु आवलीच्या संदर्भात उपस्थित केलेला प्रश्न येथेही विचारावा लागतो. 1895 मध्ये इंद्रायणीत पडले ते केवळ टिळकांच्या वाट्याचे होते काय? विवाहित स्त्रीचे सामाजिक अस्तित्व पतीच्या जातीशी बांधलेले असताना त्यांच्या निर्णयाने तिच्याही वाट्याचे बुडाले, आणि तेही तिला न विचारता. लक्ष्मीबाई या घटनेवर न्यायनिवाडा करीत नाहीत. त्या केवळ आपल्या त्या काळातील शरीराची आणि मनाची अवस्था नोंदवतात. या नोंदीच निवाड्याचे काम करतात.

५. सोवळे हेच धन

‘स्मृतिचित्रे’ केवळ पतीच्या त्यागाची चिकित्सा करून थांबली असती, तर ती एक मार्मिक कैफियत ठरली असती. ग्रंथाला खोली येते ती लेखिकेने स्वतःच्या आसक्तीकडे वळवलेल्या दृष्टीमुळे. येथे प्रश्न असा पडतो, की ज्या स्त्रीच्या हाती पैसा कधी फारसा आलाच नाही, तिच्यासाठी ‘धन’ म्हणजे काय?

ग्रंथाचा आरंभ वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या वर्णनाने होतो. पाणी, धान्य, मीठ, मुलांचा स्पर्श, सर्वच गोष्टी विटाळाच्या भयाने व्यापलेल्या त्या घरात लक्ष्मीबाईंचे बालपण गेले. त्या घराची विक्षिप्तता त्यांनी ओळखली होती. तरीही शुद्धतेची ती पुंजी त्यांच्याबरोबर संसारात आली. ज्या स्त्रीच्या नावे जमीन नाही, शिक्षण नाही, मिळकत नाही, तिला समाजात उभे राहण्यासाठी जी एकमेव मालमत्ता असते, ती म्हणजे जातीची शुद्धता. पतीने ती एका दिवसात टाकली. पत्नीला ती टाकावयास पाच वर्षे लागली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पतीजवळ परतल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे प्रारंभी सांभाळले. पुढे, माणसामाणसांतील हे भेद ईश्वराने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत, ही जाणीव त्यांच्या मनात स्वतंत्रपणे उगवली. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धनत्यागाच्या चर्चेत हा भाग सहसा धरला जात नाही. तो धर्मांतराच्या किंवा जातिनिर्मूलनाच्या सदराखाली जातो. परंतु मत्तयाच्या वचनातील ‘धन’ म्हणजे केवळ नाणी नव्हेत. मनुष्य ज्यावर विसंबून निश्चिंत होतो ते त्याचे धन, हा त्या प्रवचनातील ठेव आणि चिंता यांविषयीच्या विवेचनाचा रोख आहे. या अर्थाने पाहिले, तर सोवळे हेच लक्ष्मीबाईंचे धन होते आणि त्याचा त्याग हा त्यांचा धनत्याग होता. तो कोणा दुसऱ्याच्या वाट्यावर उभा नव्हता. टिळकांचा 1895 चा त्याग तेजस्वी आहे, परंतु ‘आपल्या वाट्याचे’ या कसोटीवर लक्ष्मीबाईंचा त्याग अधिक निर्दोष ठरतो.

यानंतरच्या प्रकरणांत घराचे स्वरूप पालटते. दुष्काळाने पोरकी झालेली मुले, प्लेगची छावणी, आश्रयाला आलेले कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी, अशा अनेकांनी हे घर भरून जाते. पैशाची ओढाताण पूर्वीचीच आहे. पण आता जे दिले जाते, ते दोघांच्या संमतीने दिले जाते. पूर्वी जे औदार्य घराबाहेर वाहून जात असे, त्याला आता घरातच जागा मिळते. देणाऱ्याच्या घरातील बाई येथे स्वतः देणारी होते, आणि निवेदनातील विनोदाची धारही बदलते. आधीच्या भागातील विनोद हा टिकून राहण्याचा मार्ग होता. नंतरच्या भागातील विनोद समाधानातून येतो.

६. वेतनाचा प्रश्न

1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तानुयायी या दरबारात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. त्यानंतर दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, त्यांचे निधन झाले.

या निर्णयाचा अर्थ समजून घेण्यासाठी मिशनच्या पगाराचे तत्कालीन स्थान ध्यानात घ्यावे लागते. नवख्रिस्ती मनुष्याला जातीने टाकल्यावर बहुधा मिशनची नोकरी हाच आधार उरे. साहजिकच, पोटासाठी बाटला हा आरोप त्याच्या प्रत्येक शब्दामागे उभा राही. दुसरीकडे, वेतन देणाऱ्या परदेशी संस्थेच्या धोरणांविषयी मोकळेपणाने बोलणेही त्याला अवघड जाई. वेतनत्यागाने या दोन्ही अडचणी एकदम दूर होत होत्या. शेजाऱ्याला उत्तर मिळत होते आणि संस्थेपासून स्वातंत्र्यही. म्हणजे येथे धनत्यागाला सामाजिक आणि वैचारिक प्रयोजन होते. तो केवळ स्वभावाचा उद्रेक नव्हता. बेफिकिरी आणि निष्ठा यांतील जो भेद लक्ष्मीबाईंच्या निवेदनातून पुढे येतो, त्याच्या आधारेच 1917 च्या निर्णयाची उंची मोजता येते. ज्याला धनाची किंमत कधीच कळली नाही, त्याचा त्याग आणि किंमत कळून केलेला त्याग हे सारखे नव्हेत. टिळकांच्या आयुष्यातील या दोन टोकांमधला प्रवास घडवण्यात लक्ष्मीबाईंच्या सहवासाचा वाटा किती, याचा विचार टिळकचरित्राच्या अभ्यासकांनी करावयास हवा.

७. रमाबाई : एक तुलना

देणाऱ्या पुरुषाच्या घरात वाढलेली दुसरी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई (1858–1922). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपले द्रव्य तीर्थयात्रा आणि दानधर्म यांत खर्च केले. 1870 च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाईंनी हा अनुभव पुढे आपल्या लेखनात परखडपणे सांगितला. देवाला सर्वस्व देण्याच्या वृत्तीने घर कसे उपाशी मरते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर आणि 1889 मध्ये ‘शारदा सदन’ स्थापन केल्यावर रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. तेथे धनाविषयीची त्यांची भूमिका वेगळीच दिसते. स्वतःसाठी संचय नाही, परंतु शेत, विहिरी, माग, छापखाना यांची चोख व्यवस्था आहे. 1896–97 आणि 1900 च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराधार मुली-स्त्रियांना आश्रय दिला. देवावर भरवसा ठेवणे आणि धान्याचे कोठार भरलेले ठेवणे यांत त्यांना विरोध वाटला नाही. धन टाकून देणे सोपे, ते देवाच्या कामासाठी हाताळणे आणि तरीही त्याचे चाकर न होणे कठीण, हा धडा रमाबाईंच्या कार्यातून मिळतो. टिळकांनी धनापासून दूर जाऊन जे साधू पाहिले, ते रमाबाईंनी धनाच्या मध्यभागी राहून साधले. दोन्ही मार्ग ख्रिस्ती आहेत. मात्र ज्यांच्यावर इतरांची पोटे अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग अधिक उत्तरदायी आहे, असे येथे सुचवावेसे वाटते.

८. एक आक्षेप

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंनी पतीविषयी अपार प्रेमाने लिहिले आहे, पुढे स्वतः त्याचा धर्म स्वीकारला आहे आणि त्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्णत्वास नेले आहे. मग त्यांना परीक्षक म्हणणे हा त्यांच्यावर आजच्या दृष्टीचा आरोप नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच, की लक्ष्मीबाईंच्या लेखनात दोषारोप नाही. परंतु परीक्षणासाठी दोषारोप आवश्यक नसतो. प्रेम असूनही हिशेब विसरला जात नाही आणि हिशेब मांडूनही प्रेम उणावत नाही, हीच या निवेदनाची असाधारण शक्ती आहे. ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणारी लेखणी आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लेखणी एकच आहे, ही गोष्ट प्रस्तुत प्रतिपादनाच्या विरोधात जात नाही, उलट त्याला पुष्टीच देते. ज्या श्रद्धेला आपल्या घराचा हिशेब उघडा ठेवण्याचे भय वाटत नाही, तीच श्रद्धा महाकाव्याचे ओझे पेलू शकते.

९. समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, देवाला धनाआधी स्थान देणे आणि धनाविषयी बेफिकीर असणे यांत भेद केला पाहिजे. दुसरा, त्यागाची कसोटी किती सोडले ही नसून कोणाच्या वाट्याचे सोडले ही आहे. सुवार्तेतील ‘कुर्बान’विषयक वचन आणि तुकोबांच्या वाटणीची कथा या बाबतीत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तिसरा, धनाची व्याख्या पैशापुरती मर्यादित ठेवल्यास ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांचा, विशेषतः स्त्रियांचा, त्याग अदृश्य होतो. सोवळे सोडणारी लक्ष्मीबाई हे त्याचे उदाहरण होय.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. थळ आणि भोवतालच्या अष्टागरात गेल्या काही दशकांत जमिनीचे मोल झपाट्याने वाढले आहे. खत कारखान्यापासून बंगल्यांच्या वसाहतींपर्यंत अनेक रूपांनी धन या किनाऱ्यावर आले. वाड्या विकल्या गेल्या, देवालये आणि चर्चही नव्याने सजली. कोणत्याही धर्माच्या माणसाने देवाला मोठी देणगी देताना ती कोणाच्या वाट्यातून जात आहे, हे एकदा घरातल्या स्त्रीला विचारावे. ‘स्मृतिचित्रे’चा आजच्या वाचकाशी असलेला संबंध या एका प्रश्नात सामावलेला आहे.